परके सोंडकिडे: नव्या भागात शोधायचे कसे, आणि नाव द्यायच्या आधी काय-काय तपासायचं

खवलेकर (धागाकर्ता)

बाहेरून आलेला सोंडकिडा (तोंड सोंडेसारखं पुढे आलेला भुंगेरा) 'बाहेरचा' म्हणून क्वचितच हाती लागतो. स्थानिक ओळखतक्ता घेऊन बसलं की दोन-दोन पर्यायांतून तो कुठल्या तरी नावापर्यंत पोचतोच, कारण 'यांपैकी कोणी नाही' असा पर्याय तक्त्यात नसतो. मग पेटीत तो एखाद्या साध्या स्थानिक प्रजातीच्या नावाखाली बसतो आणि वर्षानुवर्षं बसूनच राहतो. उलटंही होतं: जरा वेगळा दिसला की 'नवी परदेशी कीड' अशी हाकाटी होते आणि शेवटी तो खवले झडलेला स्थानिकच निघतो. दोन्ही टाळायचं तर शोधण्यापासून नाव देईपर्यंत काय करावं लागतं, त्यासाठी हा धागा. जाणकारांनी भर घालावी.

आधी जागा. रान-जंगल तूर्त सोडा. हे किडे माणसाच्या सामानाबरोबर येतात, म्हणून रोपवाटिका, वनस्पती उद्यानं, बंदरा-विमानतळाजवळची लागवड, नव्या वसाहतींतली शोभेची कुंपणं, रस्त्याच्या दुभाजकातली झुडुपं आणि माल उतरवायच्या जागा आधी. सगळ्यांत मोठी वाट म्हणजे मातीसकट आणलेली कुंडीतली रोपं. आखूड-रुंद सोंडेच्या गटातले (एंटिमिनी हे उपकुळ) बरेचसे किडे अंडी मातीत किंवा मातीलगत घालतात आणि अळ्या मुळं खातात. तपासणारा पानं बघतो, अळी मुळांच्या गुंत्यात असते.

शिवाय या गटातल्या कित्येक प्रजातींना नर लागतच नाही. मूळचा युरोपातला ओटिओऱ्हिंकस सल्केटस, किंवा दक्षिण अमेरिकेतून येऊन १९३६ साली फ्लोरिडात सापडलेला नॉपॅक्टस ल्युकोलोमा, दोघांच्या माद्या एकट्याच प्रजा वाढवतात. कुंडीतली एक अळी वसाहत उभी करायला पुरते. दोघांनाही उडता येत नाही. त्यामुळे एका कुंपणात किडे शेकड्यांनी आणि रस्त्यापलीकडच्या कुंपणात एकही नाही, असं चित्र दिसतं. 'या परिसरात नाही' असं लिहायच्या आधी प्रत्येक कुंपण वेगळं झोडपून बघा, आणि रिकामं निघालं तर तीही नोंद ठेवा. पुढे 'कधी आला' हे ठरवताना रिकाम्या नोंदीच कामाला येतात.

झुडुपझोड

झोडपणीबद्दल लिहितो.

पांढरं कापड, साधारण ७० सेंमी चौरस, दोन काड्यांवर ताणलेलं. फिक्या रंगाची उलटी छत्रीही चालते. कापड फांदीच्या अगदी खाली धरायचं आणि काठीने दोन-तीन झटके एकदम द्यायचे. हळूहळू हलवून काही मिळत नाही. पहिल्या कंपाला सोंडकिडा पाय आखडून खाली पडतो, आणि कापड तोपर्यंत खाली नसेल तर गेला. म्हणून आधी फांदी हातात धरून वाकवायची आणि मग कापड सरकवायचं, हे नेमकं उलटं आहे.

कापडावर पडल्यावर बहुतेकजण लगेच झटकून पुढे जातात. थांबा. मेल्याचं सोंग घेतलेला किडा बी किंवा कचऱ्याचा कण वाटतो. मिनिट-दोन मिनिटांनी पाय सुटतात आणि तो चालायला लागला की दिसतो.

ओटिओऱ्हिंकसच्या बऱ्याच जाती निशाचर आहेत. दिवसा त्याच झुडुपाच्या बुंध्याशी, पालापाचोळ्यात, कुंडीच्या काठाखाली दडतात. अंधार पडून तासभर झाला की डोक्यावरचा दिवा लावून तेच झुडुप परत झोडपा. दिवसा रिकामं वाटलेलं कुंपण रात्री भरलेलं निघतं.

पालापाचोळ्यासाठी ८ ते १० मिमी जाळीची चाळण. खाली पडलेला बारीक कचरा विंकलर पिशवीत (कचरा आपोआप वाळतो आणि किडे खालच्या भांड्यात पडतात अशी टांगती पिशवी) तीन दिवस टांगा, किंवा बर्लीझ नरसाळ्यात (वरच्या उबेपासून पळणारे किडे खालच्या कुपीत पडतात) टाकून वर कमी वॅटचा दिवा लावा. इथे हमखास चूक होते ती मोठा दिवा लावायची. वरचा थर भराभर वाळतो, आणि संथ चालीचे सोंडकिडे व अळ्या खाली उतरायच्या आत तिथेच मरतात. कचरा वरून खाली सावकाश वाळला पाहिजे.

खोडाभोवती नालीदार पुठ्ठ्याची पट्टी, नाल्या आतल्या बाजूला करून बांधली की रात्री चढणारे किडे पहाटे त्यात लपतात. सकाळी पट्टी पांढऱ्या ताटावर आपटायची, झालं काम. जमिनीतल्या पेल्याच्या सापळ्यात प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि थेंबभर भांड्याचा साबण. एथिलीन ग्लायकॉल नको, ते गोडसर असतं आणि कुत्र्या-मांजरांना विषारी. फॉर्मॅलिन तर नकोच, पुढे डीएनए लागला तर नमुना वाया.

शंकासुर

उत्तम माहिती. दोन शंका. पानाच्या कडेला खाचा दिसल्या म्हणजे सोंडकिडाच का? आणि फोटो काढून किडा सोडून दिला तर नाही का चालणार? प्रत्येक वेळी मारायलाच हवा का?

झुडुपझोड

@शंकासुर, खाचांवरून फक्त संशय घ्यायचा. रुंद सोंडेचे किडे कडेपासून आत खात जातात, खाचा लहान, वेड्यावाकड्या आणि एकमेकींना लागून असतात. पानकापी मधमाशीचा काप मोठा, गोल आणि कात्रीने कापल्यासारखा स्वच्छ असतो. फुलपाखरा-पतंगांच्या अळ्यांनी खाल्लेल्या पानावर बहुधा विष्ठा किंवा जाळं सापडतं. लांब सोंडेच्या जातींच्या खुणा वेगळ्याच: कळीला, फळाला, कोवळ्या देठाला सोंडेने पाडलेलं बारीक भोक, कधी त्यावर सुकलेला चीक, आणि कळी गळणं. खोडातून भुशाच्या बारीक काड्या बाहेर येत असतील तर खोड पोखरणारे छोटे भुंगेरे. हल्लीच्या वर्गीकरणात तेही सोंडकिड्यांच्याच कुळात आहेत, सोंड नसली तरी.

फोटोबद्दल काचभिंग सांगतील.

काचभिंग

फोटोवरून काही प्रजाती नक्की ओळखता येतात, पण परक्या किड्याच्या पहिल्या नोंदीला नुसता फोटो पुरत नाही, माझं तरी हेच मत. नमुना हवा. तरीही फोटो नीट काढलेत तर निम्मं काम होतं, म्हणून काय काढायचं ते सांगते.

लोक वरून एक सुंदर फोटो काढतात आणि तोच सगळ्यात कमी उपयोगाचा असतो. पाहिजे ते असं: बाजूने डोकं, म्हणजे सोंडेची लांबी, वाक आणि सोंडेवरची ती खोबण, जिच्यात स्पर्शिकेचा पहिला लांब खंड बसतो. ही खोबण डोळ्याकडे जाते, डोळ्याखाली वळते की सोंडेच्या वरच्याच बाजूला राहते, यावर अख्खे गट वेगळे होतात. ओटिओऱ्हिंकसमध्ये ती वरून दिसते. मग समोरून चेहरा. मग स्पर्शिका: पहिला लांब खंड आणि टोकाची गाठ यांच्यामधले छोटे खंड मोजता आले पाहिजेत, बहुधा ७, काही गटांत ६ किंवा ५. मग मांड्या, आतल्या बाजूला दात आहे का, एक का अधिक. पावलाच्या शेवटच्या नख्या सुट्या की बुडाशी जोडलेल्या. पोटाची बाजू. आणि शेवटी पंखावरच्या खवल्यांचा जवळून फोटो: गोल, लांबट, केसासारखे, उभे की चिकटलेले. सोबत मिलिमीटरची पट्टी. लांबी सोंड सोडून मोजतात, हे कित्येकांना माहीत नसतं आणि मग मापं जुळत नाहीत.

खांदे बघा. वरच्या कडक पंखांच्या पुढच्या कोपऱ्याला उभार नसेल, अंग अंडाकृती घसरतं असेल, तर मागचे उडायचे पंख बहुधा नसतात.

एक खूण मला फार आवडते, कारण ती नाव आणि वास्तव्य दोन्हींबद्दल बोलते. एंटिमिनी गटातला प्रौढ किडा मातीतल्या कोषघरातून बाहेर येतो तेव्हा बऱ्याच प्रजातींत त्याच्या जबड्यांवर एकेक टोकदार तात्पुरता काटा असतो. माती उकरून झाली की तो मोडून पडतो आणि जबड्यावर लंबगोल वण राहतो. वण दिसला की गट कळला. आणि काटा अजून शाबूत असेल, अंग फिकट व मऊ असेल, तर किडा नुकताच, तिथेच, मातीतून वर आलाय. ट्रकमधून उतरलेला पाहुणा नव्हे, तिथे पैदास चालू आहे. तसा नमुना मिळाला तर काटा तुटू न देता जपा.

आयनॅचरलिस्टसारख्या ॲपच्या सुचवणीबद्दल: ती सुचवणी त्या भागात आधी नोंदलेल्या प्रजातींकडे झुकते. आपण शोधतोय तो किडा तर आधी नोंदलेलाच नाही! 'जवळपास अपेक्षित' ही अट काढून परत बघा. अर्थात ज्या प्रजातीचे पुरेसे फोटो कुठेच नाहीत ती ॲपला माहीतच नसते, आणि सोंडकिड्यांत अशाच जास्त.

पेटीबंद

नमुन्याचं माझ्याकडे लागलं.

डीएनए लागेल असं वाटत असेल तर थेट ९५-९६ टक्के अल्कोहोलमध्ये. एका छोट्या कुपीत गर्दी नको, आणि दुसऱ्या दिवशी अल्कोहोल बदला, कारण किड्यातलं पाणी त्यात उतरतं आणि ते पातळ होतं. एथिल ॲसिटेटने मारलेला किडा मऊ राहतो, चिकटवायला छान, पण डीएनए खराब होतो. म्हणून निम्मे इकडे, निम्मे तिकडे. एकाच झुडुपावरून शक्य असेल तर ८-१० नमुने घ्या. एकच मिळाला तर तोही चालेल, पण त्या एकातून नर-मादीचा आणि फरकांचा अंदाज येत नाही.

कडक अल्कोहोलमध्ये सोंडकिडा पाय घट्ट आवळून ताठ होतो. कोमट पाण्यात थोडा वेळ ठेवून मग पाय आणि स्पर्शिका बारीक ब्रशने ओढा. जबरदस्ती केली की पहिल्यांदा तुटते ती स्पर्शिका, आणि नेमके तिचेच खंड मोजायचे असतात.

८-१० मिमीपेक्षा मोठा असेल तर टाचणी उजव्या पंखातून. लहान असेल तर जाड कागदाचा छोटा त्रिकोण, टोक किंचित खाली वाकवून, त्यावर किड्याची उजवी बाजू पाण्यात विरघळणाऱ्या डिंकाने चिकटवा. पोट झाकायचं नाही. सपाट कागदावर पोटावर चिकटवलेला किडा दिसतो देखणा, पण पोटाचे खंड, मांडीचे दात आणि नख्या सगळं डिंकात बुडतं.

लेबलावर ठिकाण, अक्षांश-रेखांश, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव, पद्धत आणि वनस्पती. वनस्पतीबाबत 'वर सापडला', 'वर खाताना पाहिला' आणि 'मधून वाढवला' हे तीन वेगळे शेरे आहेत. झोडपणीत पडलेला किडा शेजारच्या वेलीवरचाही असू शकतो. 'यजमान' (किडा जिच्यावर जगतो ती वनस्पती) हा शब्द लेबलावर फक्त शेवटच्या दोन बाबतींत.

शंकासुर

आणि बाहेरून सगळं सारखंच दिसलं तर? पोट उघडून बघायचं म्हणतात ते घरी जमण्यासारखं आहे का?

काचभिंग

जमतं. सरावाला धान्यातले सोंडे घ्या, कारण फुकट मिळतात आणि फरक स्पष्ट आहे. सायटोफिलस ओरायझी आणि सायटोफिलस झीमेज हे दोघं बाहेरून इतके सारखे की वरवर बघून दिलेल्या नावावर विश्वासच ठेवू नये.

किडा वाळलेला असेल तर गरम पाण्यात मऊ करा. पोट बारीक चिमट्याने मागून सोडवा आणि १० टक्के कॉस्टिक पोटॅशच्या द्रावणात टाका: साध्या तापमानाला रात्रभर, किंवा गरम पाण्याच्या भांड्यात कुपी ठेवून १०-२० मिनिटं. थेट आचेवर नको, द्रावण उसळून अंगावर येतं. चष्मा आणि हातमोजे घाला. आतलं मांस विरघळलं की पाण्यात, मग थेंबभर पातळ व्हिनेगरच्या पाण्यात, परत पाण्यात, आणि शेवटी ग्लिसरीनमध्ये काढा. जास्त वेळ ठेवलं तर भाग काचेसारखे पारदर्शक होतात आणि कडाच दिसत नाहीत, इथेच बहुतेकांचं बिघडतं.

आता नराचं जननांग वरून बघा. ओरायझीत वरची बाजू सलग गुळगुळीत आणि फुगीर. झीमेजमध्ये दोन लांब खोबणी आणि त्यांच्यामध्ये उभा कणा. मादीत एक इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराची पट्टी असते, ओरायझीत तिच्या फांद्यांची टोकं गोल, झीमेजमध्ये टोकदार. प्रकाश बाजूने पाडा, वरून पाडला तर खोबणी पुसट होतात.

काढलेले भाग ग्लिसरीनच्या बारीक कुपीत त्याच टाचणीला लावायचे. वेगळ्या डबीत ठेवले की सहा महिन्यांत कोणाचं काय ते कळत नाही.

नर-मादी ओळखायला पोट उघडायची गरज बहुधा नसते. बऱ्याच गटांत नराचे पोटाचे पहिले दोन खंड मध्ये दबलेले असतात, मादीचे फुगीर. सगळे नमुने मादीच निघाले तर कान टवकारा, बिननरी वंश असण्याची शक्यता आहे.

चारअक्षरी

इतकी यातायात करण्यापेक्षा एक पाय डीएनएला द्या, असं माझं मत. सीओआय (प्राण्यांची प्रजाती ओळखायला वापरतात ते माइटोकॉन्ड्रियातलं जनुक) याचा ६५८ अक्षरांचा नेहमीचा तुकडा वाचला की अळीसुद्धा ओळखता येते, आणि अळ्यांचे ओळखतक्ते बहुतेक गटांत नाहीतच. मधल्या पायांपैकी उजवा घ्या, डावी बाजू अखंड ठेवा. किडा अगदी लहान असेल तर अख्खा नमुनाच प्रोटीनेज के (प्रथिनं विरघळवणारं विकर) घातलेल्या द्रावणात ५६ अंशांवर रात्रभर ठेवून मग बाहेर काढता येतो. फक्त छाती-पोटाचा सांधा किंचित सैल करा. सोंडकिड्याचं कवच इतकं बंद असतं की द्रावण आत शिरत नाही आणि हाती काही येत नाही.

हायपेरा पोस्टिका हे लसूणघासावरचं उदाहरण बघा. अमेरिकेत तो तीनदा वेगवेगळा आला: १९०४ साली युटात, १९३९ साली ॲरिझोनातल्या युमाजवळ, आणि १९५१ साली मेरीलँडमध्ये. बाहेरून तिन्ही सारखे. वेगळे वंश माइटोकॉन्ड्रियाच्या डीएनएवरूनच नीट पडतात.

खवलेकर

@चारअक्षरी, वंश शोधायला डीएनए हवाच, वाद नाही. पण नाव डीएनए देत नाही, संदर्भसंचात (आधी वाचलेल्या डीएनएचा नावांसकट साठा) ज्याने आधी नाव चिकटवलं असेल तेच तो परत देतो. तिथे चुकीच्या नावाने टाकलेला नमुना असेल तर तुमचा ९९.८ टक्के जुळणारा निकालही त्याच चुकीला जुळतो. निकाल आला की बघायचं: जुळलेले नमुने कोणत्या देशांतले, कोणी ओळखलेले, त्यांचा फोटो आहे का, त्याच गुच्छात दुसऱ्या नावाचे नमुने मिसळलेत का. पेशीच्या केंद्रकात गेलेल्या सीओआयच्या नकली, निकामी प्रतीही वाचल्या जातात. क्रमात मध्येच थांबा-संकेत (प्रथिन बनणं इथे थांबवा, असं सांगणारी तीन अक्षरं) आला तर तो निकाल टाकून द्या.

नाव चुकलं तर काय होतं याची सगळ्यात बोलकी कहाणी निलगिरीवरच्या गोनिप्टेरसची. आफ्रिका, युरोप, दक्षिण अमेरिका, जिथे-जिथे तो पोचला तिथे सगळे त्याला गोनिप्टेरस स्क्युटेलॅटस म्हणत. ऑस्ट्रेलियातली अंड्यांवरची परजीवी गांधीलमाशी, अ‍ॅनाफेस नायटेन्स, १९२६ साली दक्षिण आफ्रिकेत सोडली आणि ती जोरात चालली. तीच पोर्तुगालच्या थंड, उंच भागात कमी पडली. २०१२ च्या अभ्यासात उलगडा झाला की ऑस्ट्रेलियाबाहेर पसरलेल्या किड्यांत तीन वेगळ्या प्रजाती आहेत आणि खरा स्क्युटेलॅटस त्यांत नाहीच. पोर्तुगालचा तो प्लाटेन्सिस, मूळ टास्मानियातला. मग नव्या परजीवींचा शोध टास्मानियात सुरू झाला. गंमत म्हणजे प्लाटेन्सिसचं पहिलं वर्णन १९२६ साली अर्जेंटिनातल्या नमुन्यांवरून झालं, म्हणजे परक्या मुलखात जाऊन तो 'नवीन' ठरला. म्हणून 'जगात कुठेच नाही, नवी प्रजाती!' असं वाटलं की आधी इतर खंडांतल्या नातेवाइकांशी ताडून बघा.

उलट दिशेचं उदाहरण: साल्व्हिनिया या तरंगत्या तणावर सुरुवातीला सायर्टोबॅगस सिंग्युलॅरिस हा सोंडकिडा आफ्रिकेत आणि फिजीत सोडला, फरक पडला नाही. पुढे ब्राझीलच्या आग्नेय भागातून आणलेले 'तेच' किडे १९८० साली ऑस्ट्रेलियातल्या मूनडारा तलावात सोडले आणि वर्ष-सव्वा वर्षात तणाचा गालिचा मोडून पडला. ते 'तेच' नव्हते. १९८५ साली सायर्टोबॅगस सॅल्विनी म्हणून त्यांचं वेगळं वर्णन झालं. आधी तणाचंही नाव चुकलेलं होतं: साल्व्हिनिया मोलेस्टा ही प्रजाती १९७२ पर्यंत ऑरिक्युलाटा समजली जात होती.

चारअक्षरी

@खवलेकर, संदर्भसंचाचा मुद्दा मान्य. पण कॅलिफोर्नियातल्या लगुना बीचचं उदाहरण दोघांच्याही बाजूचं आहे. २०१० साली तिथे माडावरचा सोंड्या भुंगा, ऱ्हिंकोफोरस फेरुजिनियस, सापडल्याचं जाहीर झालं. पुढे बाह्य खुणा आणि डीएनए दोन्ही ताडून पाहिल्यावर, २०१३ साली, तो ऱ्हिंकोफोरस व्हल्नेरेटस निघाला. रंग हा या दोघांत भरवशाचा नाही: लाल, काळा, पट्ट्याचा, सगळे प्रकार मिळतात. व्हल्नेरेटस तिथून संपल्याचं २०१५ साली जाहीर झालं. फेरुजिनियस मात्र १९८० च्या दशकात आखाती देशांत आणि १९९० च्या दशकात स्पेनला पोचला तो पोचलाच.

मुळाखाली

नाव ठरलं तरी 'परका' हे वेगळं सिद्ध करावं लागतं. त्यावर धाग्यात कमी आलंय म्हणून लिहितो.

यजमान वनस्पती परदेशी आणि किडा फक्त तिच्यावरच जगणारा, हा भक्कम पुरावा. अझोला या तरंगत्या पाणनेचावरचा स्टेनोपेल्मस रुफिनॅसस ब्रिटनमध्ये १९२१ साली नोंदला गेला. अझोलाच मुळात अमेरिकेतून आलेली, म्हणजे किडा कुठून आला ते उघड. पण यजमान परदेशी म्हणून किडा परदेशी, असं सरसकट म्हणता येत नाही. उत्तर अमेरिकेतला स्थानिक पाणसोंडकिडा युऱ्हिकिऑप्सिस लेकॉन्टी युरेशियातून आलेल्या मिरिओफिलम स्पायकॅटम या पाणवनस्पतीवर स्वतःहून गेला.

दुसरं, तो मुद्दाम सोडलेला तर नाही ना? जलपर्णीवरचे निओकेटिनाचे दोन्ही भाऊ, साल्व्हिनियावरचा सायर्टोबॅगस, तेलमाडाच्या परागीभवनासाठी १९८१ साली कॅमेरूनहून मलेशियात नेलेला एलाइडोबियस कामेरुनिकस, काटेरी तणांवरचा ऱ्हायनोसिलस कॉनिकस, हे सगळे अधिकृतपणे सोडलेले. शेजारच्या देशात सोडलेला किडा सीमा विचारत नाही. सोडण्याच्या नोंदी बघितल्याशिवाय धोक्याची घंटा वाजवू नका. (ऱ्हायनोसिलसच्या बाबतीत घंटा नंतर वाजवावी लागलीच, त्याने उत्तर अमेरिकेतल्या स्थानिक काटेरी झाडांच्या बियाही खाल्ल्या.)

तिसरं, जुन्या पेट्या. संग्रहालयात जाऊन त्याच वंशातल्या साध्या, भरपूर नमुने असलेल्या प्रजातींच्या रांगा चाळा. परका किडा बहुधा तिथेच चुकीच्या नावाने बसलेला असतो आणि आगमनाची तारीख एकदम मागे सरकते. मोठा, दिवसा फिरणारा, शहरातला किडा जुन्या संग्रहात अजिबात नसेल तर ते नसणं बोलकं आहे. दोन मिमीचा, पाचोळ्यातला, निशाचर किडा नसेल तर त्यावरून काहीच ठरत नाही.

आणि 'सापडला' म्हणजे 'स्थिरावला' नव्हे. आयात मालात मेलेला किंवा एकटा जिवंत सापडला ती फक्त अडवणूक. अळी, कोष, काचभिंग म्हणतात तसे जबड्यावर काटा असलेले ताजे प्रौढ, आणि एकाहून अधिक हंगामांत पुन्हा सापडणं, हे मिळालं की स्थिरावला म्हणा.

शंकासुर

मग बातमी कोणाला द्यायची? इथे फोटो टाकला तर चालतो ना?

पेटीबंद

गटावर अवलंबून आहे. शोभेच्या झुडुपाची पानं खाणारा असेल तर खुशाल टाका. माड-खजूर, कापूस, मिरची, फळझाडं, किंवा इमारती लाकूड यांवरचा संशयित असेल तर आधी आपल्या देशाच्या वनस्पती संरक्षण यंत्रणेला कळवा, मग जगाला. अचूक ठिकाण जाहीर केलं की हौशी लोक नमुने घ्यायला येतात आणि बुटांच्या मातीतून, पिशव्यांतून अळ्या बाहेर जातात. मिरचीवरचा अँथोनोमस युजेनिआय २०१२ साली नेदरलँड्सच्या हरितगृहांत सापडला आणि २०१३ मध्ये संपवता आला. तो वेळेत कळला आणि बंद छपराखाली होता, म्हणून जमलं.

जिवंत किडा ओळखायला म्हणून दुसऱ्या गावी पाठवू नका. परवानगीशिवाय तर अजिबात नाही. कळवताना नाव ठोकून देण्यापेक्षा 'अमुक वंशातला, अमुक प्रजातीच्या जवळचा, या-या खुणांवरून' असं लिहा. आणि नमुने सार्वजनिक संग्रहात जमा करून त्यांचा क्रमांक नोंदीत द्या. नमुना नसलेली पहिली नोंद पुढे कोणालाच तपासता येत नाही.

शंकासुर

शेवटची शंका. कुंडीत नुसत्या पांढऱ्या, बिनपायांच्या, इंग्रजी सी अक्षरासारख्या वाकलेल्या अळ्या सापडल्या, प्रौढ एकही नाही. वाढवून बघता येईल का?

मुळाखाली

येईल, पण तिथल्या तिथे आणि बंदोबस्तात: झाकणाची डबी, ती दुसऱ्या घट्ट झाकणाच्या डब्यात, हवेच्या भोकांवर बारीक जाळी.

आधी दोन-तीन अळ्या अल्कोहोलमध्ये टाका, त्याही वाढलेल्या प्रौढाशी जोडून उपयोगी पडतात. टाकण्यापूर्वी उकळीजवळच्या पाण्यात अर्धं मिनिट धरल्या तर काळ्या पडत नाहीत. पण डीएनएसाठीची एखादी अळी न उकळता थेट कडक अल्कोहोलमध्ये. बाकीच्या एकेका डबीत एकेक, त्याच कुंडीतल्या मातीत, त्याच रोपाच्या जिवंत मुळांसकट. माती मुठीत दाबली की गोळा व्हावी, पण पाणी निथळू नये. जास्त ओलीने बुरशी येते आणि अळी जाते, कमी ओलीने कोषघर ढासळतं.

अळी पूर्ण वाढली की मातीत गुळगुळीत पोकळी करते. पोकळी फोडून बघायचा मोह आवरा. काचेला लागून केली असेल तर बाहेरून काळा कागद लावून ठेवा आणि अधूनमधून कागद उचलून बघा. प्रौढ बाहेर आला की लगेच मारू नका, अंग मऊ असतं आणि वाळल्यावर पंख खचतात. आठ-दहा दिवस पानं देऊन टणक होऊ द्या. बिननरी प्रजाती असेल तर या दिवसांत डबीतलं प्रत्येक पान संशयित धरायचं. अंडी घालायला सुरुवात व्हायला काही आठवडे लागतात खरे, पण वापरलेली माती आणि पानं फेकायच्या आधी २४ तास गोठवा किंवा उकळा, कचऱ्यात थेट टाकू नका.

डबीतून किड्याऐवजी गांधीलमाशी किंवा माशी निघाली तर तीही अल्कोहोलमध्ये, त्याच क्रमांकाच्या लेबलासह. अळीवरचा परजीवी स्थानिक आहे की किड्याबरोबरच आलाय, हा पुढे पहिलाच प्रश्न येतो.